अनुभव धागा: सरकारी नोकरीत रुजू होताना रजेचं काय ठरवता आलं?

खाजगी कंपनीची ऑफर आली की पगारासोबत सुट्ट्यांचीही घासाघीस होते. सरकारी नोकरीत असलं काही चालत नाही, असं सगळे सांगतात. तरी रुजू होणाऱ्याच्या मनात प्रश्न असतातच. दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, सोडतील का? आधीच्या नोकरीत साठवलेली रजा बुडणार का? आमच्या घरात नुकतीच एक निवड झालीय आणि जो तो वेगळं सांगतोय, म्हणून हा धागा. राज्य, केंद्र, बँक, शाळा, परदेशातलं सरकारी खातं, काहीही चालेल. स्वतः पाहिलेलं लिहा, 'मित्राच्या मेहुण्याला मिळाली होती' नको. ऑफिसची नावं टाकू नका.

आस्थापना शाखेतून निवृत्त, पुणे

नवीन मुलं रुजू अहवाल घेऊन टेबलासमोर उभी राहायची आणि सगळं झाल्यावर, जाता जाता, दबक्या आवाजात विचारायची, "सर, रजा किती असते?" अहो, त्यात दबकायचं काय! राज्य शासनात रजेचा आकडा साहेबाच्या मर्जीवर नसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तो छापलेला आहे. अर्जित रजा (नोकरी करून साठणारी, पूर्ण पगारी) १ जानेवारीला १५ दिवस आणि १ जुलैला १५ दिवस, आगाऊ जमा. अर्धवेतनी वर्षाला २०. किरकोळ रजा ८, डिसेंबर संपला की उरलेली गेली. वशिला कितीही मोठा असला तरी नववी किरकोळ रजा कुणाला मिळालेली मी पाहिली नाही. (न सांगता दांडी मारणारे पाहिले, तो विषय वेगळा.)

बोलायचं तर तारखेबद्दल बोला. मध्येच रुजू झालेल्याला त्या सहामाहीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण कॅलेंडर महिन्यामागे अडीच दिवस अर्जित रजा जमा होते. १ तारखेला हजर झालात तर तो महिना धरला जातो, ३ तारखेला झालात तर त्या महिन्याचे अडीच दिवस गेले. अर्धवेतनीचा हिशेबही असाच पूर्ण महिन्यांवर. त्यामुळे महिनाअखेरीस कागदपत्रं तयार असतील तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणायला चार दिवस रेंगाळू नका. पण उलटही लक्षात ठेवा, अडीच दिवसांच्या लोभापायी नियुक्ती आदेशातली मुदत ओलांडू नका. मुदतीत हजर न झाल्यास नियुक्ती रद्द होईल, अशी अट बहुतेक आदेशांत खाली कुठेतरी असते आणि कुणी तिथवर वाचत नाही.

आणखी एक. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे त्याच नियमांत आहे. खात्यावर जमा असणं वेगळं, मंजूर होणं वेगळं. अधिवेशनाच्या तोंडावर अर्ज टाकाल तर तो साहेबांच्या टेबलावरच पडून राहील.

महसूल खात्यात लिपिक, विदर्भ

वरचे काका बरोबर सांगतात, माझ्या वेळीही तारखेनेच काम झालं. आदेश आला तेव्हा माझं लग्न महिन्यावर होतं. पहिला विचार हाच की आधी हजर व्हावं आणि मग रजा मागावी. ओळखीच्या अव्वल कारकून ताईंनी सांगितलं, "हजर झालीस की तू आमची. मग रजा, रजेत बदली माणूस, निवडणूक, सगळं आलं. त्यापेक्षा आधीच मुदतवाढ माग." साधा एक पानी अर्ज केला, लग्नपत्रिका जोडली, किती तारखेला हजर होईन ते स्पष्ट लिहिलं आणि आवक शाखेत देऊन पोच घेतली. मुदतवाढीचं पत्र लेखी मिळालं. ज्येष्ठतेवर काय परिणाम होईल ते मात्र आधी विचारून घ्या, प्रत्येक आदेशाच्या अटी सारख्या नसतात.

माझ्या बरोबरच्या एकाला फोनवर "या सावकाश" असं कुणीतरी सांगितलं होतं. नंतर तो कुणीतरी कोण, हे कुणालाच आठवेना.

केंद्र सरकार, आधी टपाल खातं, आता दुसरीकडे

राज्याचं बरंच झालं, आता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडी मारणाऱ्यांसाठी लिहितो. इथे खरंच काहीतरी हातात असतं.

मी पोस्टात असताना कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दिली. निवड झाल्यावर साधा राजीनामा दिला असता तर साठलेली अर्जित आणि अर्धवेतनी रजा तिथेच संपली असती. पण परीक्षेचा अर्ज मी खात्याला कळवून, योग्य मार्गाने केलेला होता. म्हणून 'टेक्निकल रेझिग्नेशन' देता आलं. म्हणजे कागदावर राजीनामा, पण नवीन पद स्वीकारण्यासाठी दिलेला, त्यामुळे आधीची सेवा तुटत नाही आणि शिल्लक रजा पुढच्या खात्यात जाते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते, त्यामुळे आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. किरकोळ रजेचा याच्याशी संबंध नाही, ती रजेच्या खात्यात धरतच नाहीत.

कार्यमुक्तीच्या आदेशात 'तांत्रिक राजीनामा' असं लिहिलंय का, ते ऑफिसमधून बाहेर पडण्याआधी वाचा. माझ्या आदेशात पहिल्यांदा नुसतं 'राजीनामा मंजूर' असं टाइप झालं होतं. हेडक्लार्क म्हणाले, "अर्थ तोच हो." मी तिथेच बाकावर बसून राहिलो. चहा झाला, जेवणाची सुट्टी झाली, संध्याकाळी दुरुस्त प्रत मिळाली. पुढच्या ऑफिसात त्या एका ओळीवरच रजेचा हिशेब वर्ग झाला आणि सेवापुस्तकात चढला.

सरकारी बँक, प्रोबेशन नुकतंच संपलं

आमच्याकडे ठरवायला काहीच नाही. किरकोळ रजा (सीएल) वर्षाला १२, सलग ४ पेक्षा जास्त नाही. प्रिव्हिलेज लीव्ह, म्हणजे आमची अर्जित रजा, कामाच्या ११ दिवसांमागे १ या दराने, पण नोकरी लागल्यावर ११ महिने होईपर्यंत ती घेता येत नाही. म्हणजे पहिलं वर्ष सीएलवर काढायचं. गणपतीला कोकणात जायचं असेल तर जानेवारीपासून सीएल जपा. सगळे शाखेत बसून तेच करत असतात, त्यामुळे गौरी विसर्जनाच्या दिवशी कोण थांबणार यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं.

गंमत म्हणजे संवेदनशील पदावर गेलात की बँकच तुम्हाला घरी पाठवते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या परिपत्रकानुसार अशा कर्मचाऱ्याला वर्षातून किमान १० कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवावं लागतं. तुमच्या पाठीमागे तुमचं काम दुसऱ्याने बघावं, म्हणून.

फिजिओथेरपिस्ट, मूळ नाशिक, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा)

इथेही आकडा छापील, पण थोडी फट आहे. सुरुवातीला २७ दिवस, ५ वर्षांनी २९, १० वर्षांनी ३३, शिवाय ८ सार्वजनिक सुट्ट्या. आधी एनएचएसमध्ये काम केलं असेल तर ती वर्षं मोजतात. बाहेरचा संबंधित अनुभव धरायचा की नाही, हे त्या ट्रस्टच्या, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेच्या, अखत्यारीत असतं. मी भारतातल्या हॉस्पिटलची अनुभवपत्रं जोडून सरळ विचारलं. पगाराची पायरी ठरवताना त्यांनी तो अनुभव धरला, रजेसाठी नाही म्हणाले. मैत्रिणीला दुसरीकडे दोन्ही मिळालं. विचारायला पैसे पडत नाहीत.

मला जास्त उपयोग झाला तो आधी ठरलेल्या सुट्टीचा. भावाचं लग्न होतं. ऑफर आल्यावर, होकार कळवण्याच्या मेलमध्येच तारखा लिहिल्या आणि उत्तरात 'मान्य' असं आलं. रुजू झाल्यावर मॅनेजर बदलली. नवीन बाई म्हणाल्या, त्या आठवड्यात आधीच दोघी सुट्टीवर आहेत. मेल दाखवला, विषय संपला.

अमेरिकेत फेडरल नोकरी, मेरीलँड

सगळ्यांत जास्त वाव कदाचित इथेच असेल आणि आपल्या बहुतेक लोकांना तो माहीतच नसतो. फेडरल सरकारात नवीन माणसाला दर दोन आठवड्यांच्या पगारामागे ४ तास ॲन्युअल लीव्ह, म्हणजे वर्षाला १३ दिवस. ३ वर्षं झाली की २० दिवस, १५ वर्षं झाली की २६. मी खाजगी क्षेत्रात बारा-तेरा वर्षं काढून आलो होतो. १३ दिवसांत भारतात जायचं की मुलांच्या शाळेच्या सुट्टीत घरी थांबायचं, असा प्रश्न.

पण २००४ च्या एका कायद्यामुळे एजन्सीला (म्हणजे नोकरी देणाऱ्या सरकारी खात्याला) असं करता येतं की बाहेरचा अनुभव नवीन पदाच्या कामाशी थेट जुळणारा असेल तर तो रजेच्या हिशेबापुरता सेवा म्हणून धरायचा. बंधन नाही, त्यांच्या मर्जीवर आहे. आणि हा निर्णय तुम्ही रुजू होण्याआधी व्हावा लागतो. पहिल्या दिवशी शपथ घेतल्यानंतर मागणी केली तर उत्तर नाही असंच येतं, भावी साहेब कितीही चांगला असला तरी.

मी तात्पुरती ऑफर आल्यावर लगेच एचआरला लिहिलं. नव्या पदाचं कर्तव्यपत्रक घेतलं, त्यातल्या एकेका कामासमोर मी ते कुठे, किती काळ केलं ते मांडलं आणि जुन्या कंपन्यांची पत्रं जोडली. पगाराची पायरी वाढवून मागण्यापेक्षा हे सोपं गेलं. होणाऱ्या साहेबाने समर्थनाचं टिपण लिहिलं, ते वर गेलं, मंजूर झालं. पहिल्या दिवसापासून ६ तासांच्या दराने रजा जमा होऊ लागली. एकच अट, त्या एजन्सीत पूर्ण एक वर्ष टिकायचं, आधी सोडलं तर धरलेली वर्षं परत जातात.

रुजू झाल्यावर एसएफ-५० नावाचा कागद येतो. त्यात रजेसाठीची सेवा-गणनेची तारीख असते. ती रुजू होण्याच्या तारखेपेक्षा काही वर्षं मागची दिसायला हवी. माझ्याबरोबरच्या एकीचं मंजुरीपत्र होतं, पण तिथे तारीख रुजू होण्याचीच पडली होती. पत्र दाखवल्यावर दुरुस्त झाली.

जिल्हा परिषद शिक्षक, मराठवाडा

आम्हाला पाहुणे म्हणतात, तुमची तर चंगळ, उन्हाळाभर सुट्टी. त्या सुट्टीमुळेच आम्हाला इतर कर्मचाऱ्यांसारखी वर्षाला ३० दिवस अर्जित रजा नाही, हे कुणी बोलत नाही. रुजू होताना बोलण्यासारखं आमच्याकडे काहीच नसतं. समुपदेशनात गाव निवडा आणि गाडी पकडा.

मात्र दीर्घ सुट्टीत निवडणुकीचं वा प्रशिक्षणाचं काम लावलं आणि सुट्टी भोगता आली नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. त्यासाठी सुट्टीतल्या कामाचा आदेश आणि तेवढे दिवस हजर होता याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते दोन्ही तिथल्या तिथे मिळालं तरच मिळतं. काम संपल्यावर पेट्या जमा करायची घाई असते, केंद्रावरचे साहेब गाडीत बसलेले असतात. मी गाडीच्या काचेतून कागद आत देतो, पेनाचं टोपण काढूनच.