को-आयपी: पी५३ सोबत एमडीएम२ येतच नाही, आणि ५० किलोडाल्टनला जाड पट्टा

फतेगंज_बेंच (बडोदे)
एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये पी५३ (गाठी रोखणारं प्रोटीन) आणि त्याला आवरणारं एमडीएम२ एकत्र बांधलेले दाखवायचे आहेत, को-आयपीने, म्हणजे एकाला अँटीबॉडीने ओढून जोडीदार सोबत येतो का ते पाहून. सध्या असं करतो: रिपा या कडक डिटर्जंटच्या बफरमध्ये लायसिस (पेशी फोडणं), १ मिलिग्रॅम प्रोटीन, पी५३ धरणारी डीओ-१ अँटीबॉडी २ मायक्रोग्रॅम, रात्रभर ४ अंशांवर फिरवणं, मग ३० मायक्रोलिटर प्रोटीन ए अ‍ॅगरोज (अँटीबॉडी धरणारे बीड्स), तीनदा धुणं, सॅम्पल बफरमध्ये उकळून जेल. एमडीएम२ जिथे दिसायला हवं तिथे, ९० किलोडाल्टनच्या आसपास, काहीच नाही. तोच ब्लॉट (जेलमधली प्रोटीनं उतरवलेला पडदा) डीओ-१ ने पाहिला तर ५० ला जाडजूड पट्टा, आणि नुसत्या माऊस आयजीजीच्या (पी५३ न धरणाऱ्या साध्या उंदराच्या अँटीबॉडीच्या) लेनमध्येही तितकाच. इनपुटमध्ये (आयपीआधीच्या मूळ लायसेटमध्ये) दोन्ही प्रोटीनं नीट दिसतात. आधी काय बदलू, बफर की अँटीबॉडी? शिवाय मे महिन्यात इथे बेंचवरचा बर्फ टिकत नाही, त्यामुळे काही बिघडतं का?

बीड्सवाला
आधी अँटीबॉडी. बफर कितीही सुधारला तरी डीओ-१ ने ही जोडी बाहेर येणं अवघड आहे. डीओ-१ पी५३ ला धरते ती अमिनो आम्ल २० ते २५ या तुकड्यावर. एमडीएम२ च्या खाचेत शिरतात ती पी५३ ची फेनिलअ‍ॅलनिन १९, ट्रिप्टोफॅन २३ आणि ल्युसिन २६. म्हणजे दोघांना एकच जागा हवी. तुमच्या बीड्सवर येतं ते मोकळं पी५३. एमडीएम२ ला चिकटलेलं मागे सुपरनेटंटमध्ये (बीड्सवरच्या द्रवात) राहतं. कोणत्याही को-आयपीत अँटीबॉडीचा एपिटोप (ती धरते तो तुकडा) आणि जोडीदाराची जागा आधी शेजारी ठेवून पाहावी, हे फार वेळा राहून जातं.

उलट बाजूने धरा. एमडीएम२ वर एसएमपी१४ चालेल, तिचा एपिटोप १५४ ते १६७, पी५३ बसतं त्या भागाच्या पलीकडे. पण ती माऊस आयजीजी१ आहे आणि प्रोटीन ए तिला नीट धरत नाही, त्यामुळे बीड्स प्रोटीन जी चे घ्या. डीओ-१ ब्लॉटसाठीच ठेवा. तिथे प्रोटीन उलगडलेलं असतं, स्पर्धा उरत नाही.

गाळ_फेकू_नका
५० चा पट्टा पी५३ चा नाही, आयपीच्या अँटीबॉडीची हेवी चेन (तिचा मोठा तुकडा) आहे. पी५३ तिच्या अगदी डोक्यावर धावतं आणि अँटी-माऊस सेकंडरी (पट्टा दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) दोघांनाही रंगवते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे एचआरपी (पट्टा उजळवणारं एन्झाइम) थेट जोडलेली डीओ-१. सेकंडरी लागतच नाही. नाहीतर ब्लॉटला रॅबिट अँटी-पी५३ घ्या, सेकंडरी मात्र माऊस आयजीजी न धरणारी हवी. फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरीही चालते, तिचा पट्टा खाली २५ ला जातो. डीएमपी या जोडणाऱ्या रसायनाने अँटीबॉडी बीड्सना कायमची जोडता येते, पण थोडी सुटतेच.

रिपा सोडा. त्यातलं ०.१ टक्के एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट नाजूक जोड्या सोडवतात. ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर मीठ, ०.५ टक्के एनपी-४०, १ मिलिमोलर ईडीटीए. प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं) रोखणारं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ते पेशी फोडण्याच्या क्षणी टाका. मात्र मऊ बफरची किंमत असते: केंद्रकातलं प्रोटीन गाळात अडकू शकतं. गाळ उकळून एक लेन चालवा. बरंच तिथेच दिसलं तर बर्फावर थोडं सोनिकेशन करा.

उन्हाचं म्हणाल तर रोटर, ट्यूब, धुण्याचा बफर आदल्या रात्रीच ४ अंशांवर ठेवा आणि धुणं कोल्ड रूममध्येच करा. बडोद्यात पारा चाळिशीपार असताना बेंचवर पाच धुण्या करणं म्हणजे प्रोटिएजना मोकळं रान. अ‍ॅगरोज बीड्स गोठवू नका, सुकू देऊ नका, आणि टिपचं टोक कापून घ्या.

फतेगंज_बेंच
एपिटोपचा विचारच केला नव्हता, आभार. कंट्रोलला आयजीजी पुरेल का?

बीड्सवाला
नाही. आयजीजीने फक्त बीड्सचा चिकटपणा कळतो. पी५३ नसलेल्या एच१२९९ पेशी त्याच पद्धतीने चालवा; तिथे ५३ किलोडाल्टनच्या जागी काही दिसलं तर ते अँटीबॉडीचं आहे. आणि या जोडीला खास कंट्रोल आहे: नटलिन-३ए, एक छोटं रसायन, जे एमडीएम२ च्या त्याच खाचेत बसतं. लायसेटचे दोन भाग करा, एकात १० मायक्रोमोलर नटलिन, दुसऱ्यात तेवढंच डीएमएसओ (नटलिन ज्यात विरघळवतात ते). नटलिनच्या लेनमध्ये पी५३ कमी झालं तर जोडी खरी. ते जिवंत पेशींना देऊ नका. दोन्ही प्रोटीनं वाढतात आणि तुलना फसते.

इनपुट २ टक्के ठेवा. बिनबांधलेल्या सुपरनेटंटचीही एक लेन हवी. एमडीएम२ तिथून कमी झालेलं दिसलं नाही, तर आयपीच झालेली नाही.