संस्थेच्या टीम सॉफ्टवेअरमध्ये कशा पाडायच्या, तालुक्यानुसार की कार्यक्रमानुसार?

पाणीवाली

नमस्कार. आमचा नोंदणीकृत न्यास आहे. कार्यालय नाशिक शहरात, काम पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि शहरातल्या दोन वस्त्यांत. पाणी, बचत गट आणि अभ्यासिका असे तीन कार्यक्रम. पगारी कार्यकर्ते 14, स्वयंसेवक 60 च्या आसपास.

सध्या सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या 11 ग्रुपांवर. लाभार्थ्यांच्या याद्या ज्याच्या त्याच्या खासगी जीमेलवर, देणग्यांची एक्सेल हिशेबनिसांच्या लॅपटॉपवर. एक समन्वयक ताई महिनाअखेर काम सोडत आहेत आणि तीन गूगल फॉर्म त्यांच्या स्वतःच्या खात्यावर आहेत. विश्वस्तांनी आता रीतसर टीम करायला सांगितल्यात.

1. टीम तालुक्यानुसार की कार्यक्रमानुसार? पेठचा कार्यकर्ता पाणीही बघतो आणि बचत गटही.
2. स्वयंसेवकांना खाती द्यायची का?
3. ताईंच्या खात्यावरचे फॉर्म संस्थेकडे कसे घ्यायचे?

खर्च शून्याच्या जवळपास हवा. संगणकातला जाणकार पगारी माणूस नाही.

गोदाकाठ

आधी तिसरा प्रश्न, कारण त्याला मुदत आहे. खासगी जीमेलवरच्या फाइलची मालकी संस्थेच्या डोमेनवरच्या (स्वतःच्या वेब-पत्त्यावरच्या) खात्याला थेट देता येत नाही. प्रत काढावी लागते. फॉर्मच्या प्रतीत प्रश्न येतात, आलेली उत्तरं येत नाहीत. म्हणून आधी फॉर्मवर उत्तरं घेणं थांबवा, मग उत्तरांची शीट उतरवून घ्या. फॉर्ममध्ये फोटो किंवा कागद चढवायला सांगितले असतील तर ड्राइव्हमधला तो फोल्डर वेगळा उतरवा. शीटमध्ये त्यांच्या फक्त लिंका असतात, खातं बंद झालं की त्या मेल्या. सगळ्यात शेवटी प्रत. प्रतीची लिंक नवी असते, त्यामुळे अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत क्यूआर चिकटवलेला असेल तर तो बदलून यावा लागेल. हे काम ताई अजून कार्यालयात येताहेत तोवर, त्यांच्या शेजारी बसून उरका. नंतर फोनवरून होत नाही.

आता व्यवस्था. गूगल वर्कस्पेस फॉर नॉनप्रॉफिट्स (संस्थेच्या नावाने मेल, ड्राइव्ह, फॉर्म) पात्र संस्थांना फुकट मिळतं, 2,000 खात्यांपर्यंत. शाळा, रुग्णालयं आणि सरकारी संस्था त्यात बसत नाहीत, न्यास बसतो. पडताळणी गुडस्टॅक नावाच्या कंपनीमार्फत होते. अर्जातलं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अक्षरशः तसंच घाला. बोलीतलं छोटं नाव घातलं की अर्ज अडकतो.

टीमबद्दल. वर्कस्पेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्याने होतो. ऑर्ग युनिट म्हणजे खात्याचा कप्पा: एक खातं एकाच युनिटमध्ये असतं. ग्रुप म्हणजे यादी: एक माणूस कितीही ग्रुपांत असतो. पेठ, सुरगाणा वगैरे ऑर्ग युनिट केलीत तर दोन तालुके बघणाऱ्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. युनिट फक्त नियमांसाठी ठेवा. कार्यालय, क्षेत्र कार्यकर्ते, विश्वस्त एवढी तीन पुरतात.

टीम सगळ्या ग्रुपांतून. चार ठिकाणं गुणिले तीन कार्यक्रम असे 12 ग्रुप करू नका. चार ठिकाणांचे चार आणि कार्यक्रमांचे तीन असे सात, वर लेखा आणि विश्वस्त. एकूण नऊ. पेठचा कार्यकर्ता पेठ, पाणी आणि बचत या तिन्हींत. थोडक्यात, तालुका की कार्यक्रम या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, फक्त एकाच्या पोटात दुसरं घालायचं नाही. (आणि सॉफ्टवेअरमध्ये कशालाही ‘गट’ नाव देऊ नका. बचत गट आणि हा गट यांत बैठकीत कायमचा गोंधळ होतो.)

फाइली शेअर्ड ड्राइव्हमध्ये. तिथली फाइल संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते. ड्राइव्हवर माणसं जोडू नका, ग्रुप जोडा. म्हणजे नवा कार्यकर्ता ग्रुपात घातला की फाइली आपोआप मिळतात, काढला की जातात. एक खाच: नवीन सदस्य जोडताना भूमिका आपसूक ‘कंटेंट मॅनेजर’ निवडलेली असते आणि त्याला फाइल हलवता, कचऱ्यात टाकता येते. क्षेत्रातल्या मंडळींना ‘काँट्रिब्यूटर’ करा. त्यांना भर घालता येते, दुरुस्ती करता येते, हटवता येत नाही. मात्र काँट्रिब्यूटरला संगणकावरच्या ड्राइव्ह ॲपमधून फाइल फक्त वाचता येते, बदल ब्राउझरमधूनच होतात. हे आधी सांगितलं नाही तर ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणून तक्रारी येत राहतील.

सुपर ॲडमिन (सगळे हक्क असलेली खाती) दोन हवेत, एक नव्हे आणि पाचही नव्हेत. त्यांच्या खात्याचा रिकव्हरी मोबाइल संस्थेच्या नावावरच्या सिमचा असू द्या. डोमेन जिथे नोंदवलंय तिथला ईमेल त्याच डोमेनचा नको. नूतनीकरण चुकलं तर मेलही बंद आणि आठवण करणारं पत्रही बंद.

सुरगाणा_घाट

वरच्याशी सहमत, पण हे सगळं नेटवर्क असलेल्या जागेचं झालं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर गूगल फॉर्म उघडणारच नाही.

तिथे ओडीके कलेक्ट किंवा कोबो ही फॉर्म भरण्याची ॲप. दोन्ही अँड्रॉइडवर नेटशिवाय चालतात, नोंदी फोनमध्ये साठतात आणि रेंज मिळाली की जातात. ओडीके सेंट्रलमध्ये (हा नोंदी गोळा करणारा सर्व्हर) टीमची रचना अशी असते: प्रोजेक्ट, त्यात फॉर्म, आणि ‘ॲप युजर’, म्हणजे फोनला दिलेली ओळख. हा ॲप युजर प्रत्येक फोनला एक असा करा, सगळ्यांना मिळून एक नको. फॉर्म ॲक्सेसच्या पानावर कोणत्या ॲप युजरला कोणता फॉर्म दिसेल ते टिक करता येतं. पाणीवाल्यांच्या फोनवर अभ्यासिकेचा फॉर्म दिसायलाच नको, चुकीचा फॉर्म भरणं तिथेच थांबतं.

नेहमीचे घोटाळे:

कार्यकर्ता सोडून गेला म्हणून कार्यालयातून त्याचा ॲप युजर लगेच रद्द करतात. फोनमध्ये न पाठवलेल्या नोंदी असतील तर त्या आता सर्व्हर घेत नाही. आधी फोन हातात घ्या, ‘रेडी टू सेंड’ रिकामं करा, ‘ड्राफ्ट्स’मध्ये काही उरलंय का बघा, मग रद्द करा.

फोटो. मोठ्या कॅमेऱ्याचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा, त्यामुळे रेंजमध्ये येऊनही नोंदी तासन्‌तास अडकतात. फॉर्मच्या एक्सेलमध्ये फोटोच्या प्रश्नापुढे मॅक्स-पिक्सेल्स 1024 लिहा. टाकीचा तडा वाचायला तेवढं पुरतं.

गावांची नावं हाताने लिहायला देऊ नका. तालुका निवडला की त्याचीच गावं, गाव निवडलं की त्याचेच पाडे, असा चॉइस फिल्टर लावा. नाहीतर एकाच पाड्याची सात स्पेलिंगं होतात आणि कोणाच्या टीमची नोंद तेच कळत नाही.

हिशेबी

गोदाकाठ यांचे नऊ ग्रुप ठीक आहेत, पण एक गोष्ट राहिली. ग्रुपांच्या परवानग्यांची बेरीज होते, छेद होत नाही. जो पेठमध्येही आहे आणि पाण्यातही, त्याला ‘पेठचं पाणी’ एवढंच दिसत नाही; पेठचं सगळं आणि सगळीकडचं पाणी दिसतं. विहिरींच्या नोंदींना चालेल. अभ्यासिकेतल्या मुलांच्या यादीला आणि बचत गटाच्या कर्जाच्या वहीला चालणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हेही धरा. अशा याद्यांना स्वतंत्र शेअर्ड ड्राइव्ह आणि स्वतंत्र छोटा ग्रुप. मोठ्या ड्राइव्हच्या आतल्या फोल्डरवर हक्क कमी करत बसलात की सहा महिन्यांनी कोणाला काय दिसतं ते कोणीच सांगू शकत नाही. देणगीदारांचे पॅन असलेली फाइल लेखा ड्राइव्हच्या बाहेर जाताच कामा नये.

पुढे लाभार्थी हजारांत गेले की शीट सोडून सिव्हीसीआरएम बघा, म्हणजे संपर्कांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत आहे, वर्डप्रेसवर बसतं. पण परवान्याला पैसे नाहीत म्हणजे फुकट असं नाही. सर्व्हर आणि अद्ययावत करणारा माणूस लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही म्हणता. आत्ता नको असंच माझं मत.

घेतलंच तर दोन गोष्टी. टीमपुरत्या नोंदी दाखवायच्या असतील तर त्या ग्रुपला ‘ॲक्सेस कंट्रोल’ हा प्रकार टिक केलेला लागतो. आणि वर्डप्रेसच्या भूमिकेला ‘सगळे संपर्क पाहा’ ही परवानगी दिली असेल तर टीमच्या सगळ्या मर्यादा वाया जातात. मर्यादा चालत नाहीत अशी तक्रार आली की पहिल्यांदा तिथेच बघायचं.

आणखी एक, खास आपल्याकडचं. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येतात. नोंदीत एकच ‘तालुका’ रकाना ठेवलात तर कुटुंब हललं की कोणीतरी तो बदलणार, आणि मूळ टीमच्या यादीतून घर गायब. रकाने दोन हवेत: मूळ पाडा आणि सध्याचा मुक्काम. टीम मूळ पाड्यावरून ठरवायची, दुसरा रकाना फक्त भेटीसाठी.

पाणीवाली

दोन रकान्यांची गोष्ट डोक्यातच आली नव्हती, यादीत तीच चूक आहे. फॉर्मचं काम उद्याच ताईंबरोबर बसून करतो. स्वयंसेवकांचं मात्र राहिलं. आणि माणूस गेल्यावर खातं लगेच डिलीट करायचं की कसं?

गोदाकाठ

स्वयंसेवकांना सरसकट खाती नकोत. 2,000 ची मर्यादा आहे, त्यामुळे प्रश्न जागेचा नाही, विसरलेल्या पासवर्डांचा आहे. 60 माणसांचे पासवर्ड परत काढून देणं हे एका माणसाचं अर्धवेळ काम होतं. जे दर आठवड्याला नोंदी लिहितात त्यांनाच खातं, बाकीच्यांना व्हॉट्सॲप.

व्हॉट्सॲपवर कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधणारी सोय) करा. तिच्या घोषणा ग्रुपात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, साध्या ग्रुपात दिसतात. अभ्यासिकेतल्या मुलींचे आणि बचत गटातल्या बायकांचे नंबर असतील तर हा फरक मोठा आहे. आतल्या उपग्रुपांत मात्र नंबर पुन्हा दिसतात. प्रत्येक ग्रुपाला दोन ॲडमिन, त्यातला एक संस्थेच्या सिमवरून. आणि यादी, पावती, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर नाही म्हणजे नाही. ग्रुपातून माणूस काढला तरी त्याच्या फोनमध्ये उतरलेलं तिथेच राहतं.

डिलीट लगेच नको. आधी सगळ्या ग्रुपांतून काढा, मग खातं सस्पेंड. सस्पेंड खात्यावर आलेलं पत्र परत जातं, म्हणून सरकारी कार्यालयांना, देणगीदारांना दिलेला पत्ता माणसाचा कधीच नसावा, ग्रुपाचा असावा. मग त्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमधल्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करा. डिलीट त्यानंतर. चुकून झालंच तर 20 दिवसांच्या आत खातं परत आणता येतं, पुढे नाही. डिलीट झाल्यावर जुना पत्ता उत्तराधिकाऱ्याच्या खात्याला टोपणपत्ता म्हणून जोडून द्या.

हिशेबी

यात भर. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) 90 दिवसांत द्यायचा असतो. त्याच बैठकीच्या ठरावात सुपर ॲडमिन कोण, संस्थेचं सिम कोणाकडे आणि डोमेनचा पासवर्ड कुठल्या पाकिटात, हे तीन लिहून ठेवा. जुन्या विश्वस्तांचं नाव नोंदवहीतून निघतं, सॉफ्टवेअरमधून काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

सुरगाणा_घाट

+1. आणि पाकिटात सुपर ॲडमिनचे बॅकअप कोडही (मोबाइल हाताशी नसताना लॉगिनला चालणारे) ठेवा. एका वेळी 10 मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. वापरला की खोडा.