पोरांना फुटबॉलपटूंची दिनचर्या शिकवायची आहे (सहावी ते आठवी), काय घ्यावं काय सोडावं?

पेठेतला_मास्तर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात शिकवतो, सहावी ते आठवी, शाळा सकाळ सत्राची. इथलं फुटबॉलचं वेड बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीमांची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाचा घसा बसलेला, आणि वर्ल्डकप आला की गल्लीच्या एका तोंडाला मेस्सीचा फलक न दुसऱ्या तोंडाला रोनाल्डोचा. पोरांना कोण कुठल्या क्लबातून कुठं गेला, कितीला गेला, सगळं पाठ.

पण हीच पोरं सकाळी चहात खारी बुडवून येतात, काही तर नुसता चहा पिऊन, दुसऱ्या तासाला डोळे मिटायला लागतात, मधल्या सुट्टीत चिप्सचा पुडा. रात्री कितीला झोपलास विचारलं की साडेबारा, एक. काय करत होतास, तर मोबाईलवर रील बघत होतो, आणि रील कशाचे तर रोनाल्डोच्या जिमचे!

नवीन वर्षापासून आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला दोन तास माझ्याकडे आलेत. म्हटलं ह्या वेडाचा उपयोग करून घेऊ. 'खेळाडूचा दिवस' असा एक उपक्रम डोक्यात आहे. नेटवर शोधलं तर रोनाल्डो दिवसातून पाच वेळा झोपतो, सहा वेळा जेवतो, बर्फाच्या पाण्यात बसतो असले तक्ते मिळतात. ते वर्गात लावून काय होणार, हसतील आणि विसरतील. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? आणि उपदेश वाटू नये असं कसं करायचं, कारण 'लवकर निजे लवकर उठे' ऐकवलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

सेंटर_हाफ

सर, लय भारी विषय काढलासा. मी तालमीकडून बरीच वर्षं खेळलो, आता सकाळी बारक्या पोरांना शिकवतो. माझं म्हणणं, दिवसभराचा तक्ता लावूच नका. सुरुवात वॉर्मअपनं करा, कारण ते तुमच्या डोळ्यासमोर होतं, घरात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही.

फिफाचा एक वॉर्मअप आहे, 'इलेव्हन प्लस किड्स' म्हणून, ७ ते १३ वयासाठी, सातच व्यायाम, पंधरा-वीस मिनिटांत होतो. एका पायावर उभं राहून बॉल झेलायचा, एका पायावर उड्या, हातापायावर उलटं चालायचं, आणि पडताना लोळण कशी घ्यायची ते. म्हणजे पडायचं कसं हे पण शिकवतात, जे आमच्या तालमीत वस्ताद मातीत शिकवायचे तेच. युरोपात चार देशांतल्या मुलांवर तपासून बघितलंय, हा वॉर्मअप नियमित करणाऱ्यांच्यात दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या.

पोरांना थेट बॉल पाहिजे असतो, वॉर्मअप म्हटलं की तोंडं वाकडी. मी एवढंच सांगतो की स्टेडियमवर अर्धा तास आधी या आणि मोठ्या टीमा काय करतात बघा. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, भारताकडून. त्याचं नाव घेतलं की ऐकतात, रोनाल्डो लांबचा आहे, अनिकेत हितला हाय.

डब्यात_काय

मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, शिवाय घरात सातवीतला फुटबॉलवेडा आहे, त्यामुळे दोन्हीकडून बोलते.

मुलांना गोष्ट सांगायची असेल तर आर्सेन वेंगरची सांगा. १९९६ ला तो आर्सेनल ह्या लंडनच्या क्लबचा मॅनेजर झाला तेव्हा इंग्लंडमधले खेळाडू तळलेलं खायचे, बिअर प्यायचे, मॅचआधी चॉकलेट. ह्याने उकडलेलं चिकन, वाफवलेले मासे, भाज्या सुरू केल्या आणि चॉकलेट बंद. पहिल्याच मॅचला बसमध्ये मागच्या सीटवरून खेळाडू ओरडत होते, आमचे चॉकलेट बार परत द्या! दीड वर्षात त्याच टीमने लीग आणि एफए कप ह्या इंग्लंडच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मोठी माणसंसुद्धा चॉकलेटसाठी ओरडतात हे मुलांना फार आवडतं, आणि उपदेशही वाटत नाही. मेस्सीचंही आहे, मैदानावर उलट्या व्हायच्या त्याला, २०१४ नंतर एका इटालियन डॉक्टरकडे गेला आणि साखर, मैदा, पिझ्झा कमी केला.

पण एक मुलगा नक्की हात वर करणार की जेमी वार्डी मॅचच्या दिवशी एनर्जी ड्रिंकचे तीन कॅन प्यायचा आणि लेस्टर क्लबकडून इंग्लंडची लीग जिंकला. खरं आहे ते, त्याने स्वतः सांगितलंय. नाकारू नका. रिकामा कॅन वर्गात आणा आणि त्याच्यावरचं बारीक अक्षर मुलांकडूनच वाचून घ्या, लहान मुलांसाठी नाही असं त्यावरच छापलेलं असतं, आपल्याकडे तो नियमच आहे. मी सांगण्यापेक्षा कॅनने सांगितलेलं बरं.

सहा वेळा जेवणाचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही, दिवसभराचं खाणं विभागून घेतलेलं. आपल्या मुलांना सकाळी निघताना काहीतरी (केळं, रात्रीची भाकरी आणि दूध, उकडलेलं अंडं, गूळ-शेंगदाणे, जे घरात असेल ते), मधल्या सुट्टीत डबा किंवा शाळेचा पोषण आहार, खेळून आल्यावर काहीतरी, आणि रात्रीचं जेवण. झालं. प्रोटीन पावडरचा विषय निघालाच तर सरळ नाही म्हणा, ह्या वयाला उसळ, दूध, अंडी पुरतात. आणि कृपा करून वर्गात वजनं घेऊ नका हो! कुणाचं किती भरलं हे सगळ्यांसमोर आलं की जाडी मुलं आणि बारीक मुलं दोघंही खेळायचं टाळतात, माझ्याकडे अशी मुलं येतात.

तिरपागडा

सगळं छान आहे पण मला हे जरा खटकतं. रोनाल्डोचा दिवस म्हणजे ज्याचं कामच शरीर जपणं आहे त्या माणसाचा दिवस. स्वयंपाकी आहे, फिजिओ आहे, झोप शिकवायला माणूस होता (एक इंग्लिश स्लीप कोच, ते थोडं थोडं झोपायचं प्रकरण त्याच्याकडूनच आलं म्हणतात). आमच्या सरकारी शाळेतला मुलगा पहाटे उठून बापाबरोबर पेपर टाकतो, एका खोलीत सहा माणसं, टीव्ही बंद होतो तेव्हा सगळ्यांची झोप सुरू होते. त्याला 'चॅम्पियनसारखं झोप' म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

आणि हिशोब करा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेराच्या पुढे ८ ते १० असं तज्ज्ञ सांगतात. सकाळ सत्राची शाळा सातला, म्हणजे उठायचं सहाला, म्हणजे झोपायचं नऊला. किती घरांत नऊला झोपतात? २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून निर्णय काढला, पाचवीच्या पुढच्यांचं काय, त्यांना झोप लागत नाही? उलट वयात येताना झोप यायची वेळ आपोआप उशिरा सरकते. तेव्हा मास्तर, पोरांना शिकवण्याआधी शाळेची वेळ बदलता येते का बघा.

पेठेतला_मास्तर

@तिरपागडा, पटतंय, शाळेची वेळ माझ्या हातात नाही पण शाळा व्यवस्थापन समितीत मांडतो. तरी एक सांगतो, रात्री एकला जागी असलेली माझी बरीच पोरं जागेच्या अडचणीनं जागी नसतात, मोबाईल हातात असतो म्हणून असतात. पेपर टाकणारा एक आहे माझ्या वर्गात, तो सगळ्यात आधी झोपतो.

@डब्यात_काय, वेंगरची गोष्ट घेतली. वजनाचं बरं झालं सांगितलंत, ते यादीत होतं, काढलं.

ओडेन्सकर

मी डेन्मार्कमध्ये असतो, मुलगी इथल्या शाळेत पाचवीत आहे. तुम्ही शोधताय तसा प्रकार इथे चालतो, नाव 'इलेव्हन फॉर हेल्थ'. मुळात फिफाने २०१० च्या वर्ल्डकपच्या आधी दक्षिण आफ्रिकेत सुरू केला होता. अकरा आठवडे, दर आठवड्याला एक आरोग्याचा संदेश आणि त्याला जोडलेलं एक फुटबॉलचं कौशल्य. तासाचे दोन भाग, एकात नुसता खेळ, दुसऱ्यात तोच संदेश खेळातून. तिकडे हात धुणं, स्वच्छ पाणी, मच्छरदाणी, लस असे विषय होते, इथे आणल्यावर बदलून घेतले, हालचाल, खाणं, झोप, एकमेकांशी वागणं वगैरे.

त्यात मला आवडलं ते म्हणजे संदेश सांगत नाहीत, खेळवतात. उदाहरणार्थ बचाव शिकवताना हात धुण्याचा विषय, अडवायचं कुणाला तर जंतूंना. मुलगी घरी येऊन मलाच ऐकवते. तुमच्याकडे आठवड्याला दोन तास आहेतच, एक मैदानावर, एक वर्गात किंवा दोन्ही मैदानावर, आणि आठवड्याला एकच गोष्ट. तक्त्यावर वीस गोष्टी लावल्या तर एकही होत नाही.

नॉर्वेचा फुटबॉलपटू हालांड इथे शेजारचा म्हणून मुलांचा लाडका. तो रात्री निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावतो, तोंडाला पट्टी लावून झोपतो, कच्चं दूध पितो. चष्म्यापर्यंत ठीक आहे, पट्टी आणि कच्च्या दुधाच्या भानगडीत पडू नका.

सेंटर_हाफ

कच्चं दूध! आमच्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देत्यात, पोरं म्हणतील हालांड कोल्हापुरात राहतोय काय 😂 पण दूध तापवूनच प्यायचं हे खरंय, हालांड असू दे न्हाईतर कोण पण.

शिट्टीवाली_बाई

सगळे 'पोरं पोरं' करताय, वर्गात मुली आहेत की नाही? मी नागपूरकडे सातवी-आठवीला पीटी घेते, मुलींची टीम आहे माझी.

पाणी प्या हा आठवडा घ्यालच तुम्ही. मोठ्या क्लबांच्या टॉयलेटमध्ये लघवीच्या रंगाचा तक्ता लावलेला असतो, फिकट पिवळा म्हणजे बरोबर, गडद म्हणजे पाणी कमी. मुलांना हा तक्ता अतोनात आवडतो, ह्या वयाला असल्या विषयात भलताच रस असतो, आणि लक्षातही राहतो. पण मुली पाणी पितच नाहीत, आणि का पीत नाहीत ते विचारा. टॉयलेटला कडी नाही, पाणी नाही, वास येतो, मधल्या सुट्टीत रांग. बाटली भरून आणतात आणि भरलेलीच घरी नेतात. तेव्हा सर, पाण्याचा आठवडा घ्यायच्या आधी मुलींचं टॉयलेट स्वतः जाऊन बघा, म्हणजे एखाद्या बाईंना सोबत घेऊन.

दुसरं पाळीचं. २०२० मध्ये चेल्सीच्या महिला टीमने पाळीच्या चक्राप्रमाणे प्रत्येकीचा सराव ठरवायला सुरुवात केली, एका ॲपवर नोंदी करून. मी हे मुलींना सांगितलं तेव्हा एक म्हणाली, म्हणजे त्या पण ह्या दिवसांत खेळतात? खेळतात बाई, आणि कोचशी बोलतातही. मुलींना नाव सांगायचं तर मनीषा कल्याणचं सांगा, चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय, पंजाबच्या खेड्यातली पोर.

डब्यात_काय

शिट्टीवाली ताई, शंभर टक्के. त्यात लोहाचं पण घाला, आठवीतल्या मुलींचं दमणं बऱ्याचदा तिथून येतं. शाळेतून आठवड्याला लोहाची गोळी मिळते ती मुली खिडकीतून टाकतात, उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून. जेवणानंतर द्या.

पेठेतला_मास्तर

मंडळी, धन्यवाद, बरंच सुचलं. आता असं ठरवतोय, आठवड्याला एक गोष्ट, सुरुवात वॉर्मअपनं, मग झोप आणि मोबाईल एकत्र. झोपेला रोनाल्डोऐवजी यमाल घेतो म्हणतो, २०२४ च्या युरोत सोळा वर्षांचा होता, स्पेनकडून खेळायला जर्मनीला गेला तो शाळेचा अभ्यास बरोबर घेऊन आणि स्पर्धा चालू असताना दहावीसारख्या परीक्षेत पास झाला. म्हणजे पोरांना वाटतं खेळाडू व्हायचं तर शाळा कशाला, तेही जरा हलेल. मुलींच्या टॉयलेटचं उद्याच बघतो, बाईंना घेऊन.

पण एक मोठा घोटाळा आहे. शाळा सुरू होते जूनच्या मध्याला आणि ११ जून २०२६ पासून वर्ल्डकप, तोही अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत. म्हणजे सामने आपल्या रात्री उशिरा नाहीतर पहाटे. मी झोपेचा आठवडा घ्यायचा आणि पोरं रात्रभर मेस्सीला बघणार. जागू नका म्हटलं तर माझंच कुणी ऐकणार नाही, मी पण जागणारच आहे.

ओडेन्सकर

मग तो आठवडा वर्ल्डकपनंतर घ्या, १९ जुलैला संपतो. त्याआधी खाणं, पाणी, वॉर्मअप उरकून घ्या.

तिरपागडा

पुढे ढकलू नका हो. हीच तर संधी आहे. वेळापत्रक पोरांच्या हातात द्या, प्रत्येकाने मोजक्या मॅचेस निवडायच्या, आधीच लिहून द्यायचं. ज्या दिवशी पहाटेची मॅच त्या आदल्या संध्याकाळी लवकर झोपायचं, किंवा शाळेतून आल्यावर दुपारी झोप काढायची. खेळाडूसुद्धा रात्रीच्या मॅचआधी दुपारी झोपतातच. बाकीच्या मॅचचे हायलाइट्स सकाळी परिपाठानंतर दहा मिनिटं शाळेच्या प्रोजेक्टरवर. अट एकच, रात्री जागलेल्याने शाळेत येऊन स्कोअर फोडायचा नाही. फोडला तर मैदानाला पाच फेऱ्या.

सेंटर_हाफ

बाकी सगळं बेस, पण फेऱ्या नकोत. पळणं शिक्षा झाली की पोरगं पळायचंच सोडतंय, आमच्यात असं करून चांगली पोरं घरात बसल्यात. स्कोअर फोडणाऱ्याला आठवडाभर बॉलमध्ये हवा भरायला लावा, आमचा पंप असला जुनाट आहे की दुसऱ्यांदा कोण तोंड उघडणार न्हाई.