गेम कन्सोल खपतो तो किमतीवर, ताकदीवर की कंट्रोलरवर?

प्रश्न (निपाणी)
नमस्कार मंडळी. निपाणीत माझे टीव्ही-मोबाईलचे दुकान आहे आणि दिवाळीपूर्वी गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रे, ठेवण्याचा विचार आहे. चिकोडी, संकेश्वरकडून येणारी मुले प्रोसेसर आणि फोर-के चित्राची चौकशी करतात, पालक मात्र किमतीपाशीच अडतात. आजवर नेमक्या कशाने पारडे फिरवले, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
ताकदीला मी शेवटचे स्थान देईन. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. त्यातला सेल नावाचा प्रोसेसर आणि ब्लू-रे चकत्या चालवणारा ड्राइव्ह इतके महाग पडले की त्या किमतीतही सोनीला सुरुवातीला प्रत्येक नगामागे तोटा होत होता. त्याच महिन्यात निन्टेन्डोचा वी (Wii) हा कन्सोल २५० डॉलरला बाजारात उतरला. त्याला एचडी चित्र दाखवता येत नव्हते, तरीही तो १० कोटींहून अधिक खपला आणि प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला. त्याचा कंट्रोलर रिमोटसारखा होता; त्या रिमोटचा पट्टा मनगटात अडकवून हात फिरवला की पडद्यावरची टेनिसची रॅकेट फिरते, हे घरातल्या आजीलाही कुणी शिकवावे लागत नव्हते.

उत्तर (खानापूर)
शहापूरकरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्यावरून स्वस्त तेच खपते असा अर्थ कृपया काढू नये. निन्टेन्डोचाच आधीचा गेमक्यूब सोनीच्या प्लेस्टेशन २ पेक्षा ताकदवान होता, २००३ मध्ये अमेरिकेत ९९ डॉलरपर्यंत उतरला, आणि तरीही सव्वादोन कोटींचा टप्पा त्याला गाठता आला नाही. महाग असलेला प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींच्या वर गेला, कारण त्यावर डीव्हीडी चालत, आधीच्या प्लेस्टेशनचे गेम चालत आणि नव्या गेमची तर रेलचेल होती. घरच्यांना एकाच खर्चात दोन वस्तू मिळाल्या. पालकांशी बोलताना हाच मुद्दा पुढे ठेवावा.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
नव्या धाटणीचा कंट्रोलरही दरवेळी तारत नाही. निन्टेन्डोच्या २०१२ च्या वी यू (Wii U) सोबत पडदा असलेला गेमपॅड होता, पण तो स्वतंत्र कन्सोल आहे की जुन्या वीचे जोडसाहित्य, हेच अनेकांना उमगले नाही. विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास राहिली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन किनेक्ट नावाच्या कॅमेऱ्यासह ४९९ डॉलरला आणि प्लेस्टेशन ४ मात्र ३९९ डॉलरला आला. पुढच्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टला किनेक्ट वगळून किंमत बरोबरीला आणावी लागली. अंगविक्षेप ओळखणारा हा कॅमेरा वाईट मुळीच नव्हता, पण ज्याला तो नको त्यालाही त्याचे पैसे मोजावे लागत होते, आणि गिऱ्हाईक हे कधीच सोसत नाही.

आपल्या दुकानात प्लेस्टेशन ५ चा एक नग टीव्हीला जोडून ठेवावा. त्यात आधीपासून असलेला ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम लावून कंट्रोलर मुलांबरोबर पालकांच्याही हाती द्यावा. खेळताना ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरचे मागच्या बाजूचे बटण, बोटाला कसा अडवतो, ते त्यांना स्वतः अनुभवू द्यावे आणि किमतीचे बोलणे त्यानंतरच काढावे.