शब्दचर्चा : ‘कंटेनमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

व्हिएतनाम युद्धावर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले आहे. अमेरिकेच्या ‘कंटेनमेंट’ धोरणाला कुणी ‘नियंत्रण’ म्हणतं, कुणी ‘साम्यवाद रोखण्याचं धोरण’, कुणी ‘वेढा’. या तिन्हींचा अर्थ एक नाही. वेढा घालणारा चाल करून गेलेला असतो, रोखणारा बचाव करत असतो. शिवाय वाचक विचारणारच, की नुसतं रोखायचं होतं तर समुद्रापलीकडे पाच लाखांवर सैनिक कशाला धाडले? या प्रश्नाचं उत्तर शब्दानेच आधी देऊन टाकू नये, असं वाटतं. काय वापरू?

प्रतिसाद :
माझं मत ‘पायबंद’ला. पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायची दोरी. घोडा खातोपितो, उभा राहतो, पण ठाण सोडून जात नाही. या धोरणाचा जनक, अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन, याच्या मनात साधारण हेच होतं. त्याने फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकी वकिलातीतून ती प्रसिद्ध लांबलचक तार पाठवली आणि जुलै १९४७ मध्ये ‘एक्स’ या नावाने लेख लिहिला. सोव्हिएत सत्तेला चिकाटीने, दीर्घकाळ आवरून धरा, ती आतूनच मवाळ होईल किंवा मोडेल, असा त्याचा हिशेब. युद्धाचं हे आवाहन नव्हतं. त्याचा भर राजकीय आणि आर्थिक उपायांवर होता, आणि डोळा पश्चिम युरोप, जपान अशा उद्योगसंपन्न प्रदेशांवर.

दोरी सैल झाली ती पुढे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने १२ मार्च १९४७ ला काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मागितले ते ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर, पण भाषणात दडपणाला तोंड देणाऱ्या सगळ्याच स्वतंत्र लोकांना पाठिंब्याची भाषा आली. १९५० च्या एप्रिलमधल्या एनएससी-६८ या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या गोपनीय अहवालाने तर कुठेही झालेली पीछेहाट ही सगळीकडची पीछेहाट ठरवली. म्हणून लेखात १९५० पर्यंत ‘पायबंद’ लिहा. त्यानंतरच्या काळाला तो शब्द पुरत नाही.

प्रतिसाद :
पायबंद आवडला. १९५० मध्ये सुरू झालेल्या कोरियाच्या युद्धाबद्दल एक भर घालतो. ट्रूमनने सुरुवातीला त्याला ‘युद्ध’ म्हटलंच नाही. २९ जून १९५० च्या पत्रकार परिषदेत एका वार्ताहराने विचारलं, याला संयुक्त राष्ट्रांची पोलिस कारवाई म्हणायचं का? त्याने होकार दिला. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हा शब्द ओळखीचा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, त्याला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘पोलिस ॲक्शन’च म्हणतात. ती काही दिवसांत आटोपली. कोरियातली तीन वर्षं चालली आणि तिथे ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले. कोरियन माणसं किती मेली ते तर लाखांत मोजावं लागतं. युद्धाला दुसरं नाव दिलं की काँग्रेसकडून युद्धघोषणा घ्यावी लागत नाही. व्हिएतनाममध्येही ती कधी झाली नाही. राष्ट्राध्यक्षाला तिथे लष्करी बळ वापरायची मुभा देणाऱ्या, ऑगस्ट १९६४ च्या टोंकिन आखाताच्या ठरावावर सगळं भागवलं. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात फक्त दोन मतं पडली, मोर्स आणि ग्रुनिंग यांची. तेव्हा लेखात ‘संघर्ष’, ‘हस्तक्षेप’ असं मोघम काही नको. युद्धच लिहा.

प्रतिसाद :
मूळ प्रश्न ‘का’ असा आहे. त्यासाठी माझ्या मते ‘पत’ हा शब्द हवा. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने ७ एप्रिल १९५४ ला, व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं दिएन बिएन फू हे ठाणं पडण्याच्या बरोबर महिनाभर आधी, एकामागून एक पडणाऱ्या डोमिनोंची (उभ्या रांगेतल्या सोंगट्यांची) उपमा दिली, म्हणजे एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचेही होतील, आणि सगळे ती घेऊन बसले. (तिचं भाषांतर ‘पत्त्यांचा बंगला’ असं करू नये. तो एकदमच ढासळतो, इथे एक दुसऱ्याला पाडतो.) पण युद्ध चालवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बघायचं तर जॉन मॅकनॉटनचं टिपण वाचावं. हा संरक्षणमंत्री मॅकनमाराचा खात्यातला जवळचा सहकारी. ८ मार्च १९६५ ला अमेरिकी मरीन दा नांगला उतरले आणि २४ मार्चला याने उद्दिष्टांची टक्केवारी मांडली. ७० टक्के : अमेरिकेचा मानहानीकारक पराभव टाळणे, म्हणजे जामीनदार म्हणून असलेली पत राखणे. २० टक्के : दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणे. तिथल्या लोकांना अधिक चांगलं, मोकळं जगता यावं यासाठी १० टक्के. पेंटॅगॉन पेपर्समुळे, म्हणजे संरक्षण खात्याची या युद्धावरची गुप्त कागदपत्रं फुटल्यामुळे, ते पुढे जगजाहीर झालं.

हे वाचून मला अजूनही संताप येतो. ज्यांच्या शेतांवर बाँब पडत होते, त्यांच्या वाट्याला उद्दिष्टाचा दहावा हिस्सा.

प्रतिसाद :
पत मान्य, पण भीती सगळी बनावट होती असं लेखात येऊ देऊ नका. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग कम्युनिस्टांकडे गेलं, १९४९ मध्ये चीन गेला, २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाच्या खाली आलं. ‘चीन कुणी घालवला?’ म्हणून डेमोक्रॅट पक्षाला धारेवर धरलं गेलं होतं. दक्षिण व्हिएतनाम आपल्या कारकिर्दीत गेला तर आपली तीच गत होईल, ही तेव्हाचा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन याला धास्ती होती.

प्रतिसाद :
भीती खरी होती, निदान चुकलं. सगळे कम्युनिस्ट म्हणजे एकच देह, असं धरून चालले. २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत व्हिएतनामचं स्वातंत्र्य जाहीर करताना तिथला कम्युनिस्ट नेता हो चि मिन्ह याने सुरुवातच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली होती. ट्रूमनला पत्रंही पाठवली, उत्तर आलं नाही. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव ३० एप्रिल १९७५ ला पडलं. लाओस आणि कंबोडियाही कम्युनिस्टांकडे गेले, पण थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया गेले नाहीत. फेब्रुवारी १९७९ मध्ये तर चीननेच व्हिएतनामवर चढाई केली. खुद्द केननने १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की आपण आधीच गुंतलो नसतो तर तिथे गुंतण्याचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. केननपुरतं ‘पायबंद’ घेते. १९६५ च्या भागात ‘पत’ आणि ‘जामीनदार’ घेईन, मॅकनॉटनची टक्केवारी जशीच्या तशी देईन. आता एकच शंका : ‘साम्यवाद’ लिहू की ‘कम्युनिझम’? पूर्ण लेखात एकच ठेवायचा आहे.