हरकतींची मुदत मराठी मसुदा हाती आल्या दिवसापासूनच मोजा

भरतीओहोटी (धागाकर्ता):
२०२० चा ईआयए (प्रकल्पाचे पर्यावरणावरचे परिणाम तपासणं) अधिसूचनेचा मसुदा आठवत असेल. केंद्राने तो मार्चमध्ये फक्त इंग्रजी आणि हिंदीत काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत तो द्यायला सांगितलं, हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, तर केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला याचा अजून राग येतो.

शहराच्या आराखड्यांचं वेगळं काय? २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे राज्याच्या भाषेत हमखास मिळतो तो प्रकल्पाच्या ईआयए अहवालाचा सारांश. भराव किती, गाळ कुठे टाकणार, पाणी कुठून वळणार हे सगळं आतल्या जोडपत्रांत, इंग्रजीत. ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याला सारांशावर हरकत घ्यावी लागते आणि सल्लागार कंपनीला अख्खा अहवाल पाठ असतो. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने महापालिकांच्या कारभारात मराठी सक्तीची करणारा कायदा केला. त्याच महिन्यात मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट घेऊन. पूर, कचरा, हवा, वाहतूक, सगळं त्यात आहे. म्हणजे असे आराखडे मराठीत वाचता यायलाच हवेत.

माझी मागणी एकच: पूर्ण मराठी मसुदा, नकाशांवरच्या सूचीसकट, वॉर्ड ऑफिसात ठेवला जाईल त्या दिवसापासून मुदत सुरू व्हावी. आधी नाही.

चटईक्षेत्र:
साफ असहमत. मी याच क्षेत्रात काम करतो. विकास नियंत्रण नियमावलीत (बांधकामाच्या नियमांत) एका स्वल्पविरामावरून खटले चालतात. दोन भाषांत दोन मसुदे म्हणजे वकिलांची चांदी. शिवाय सरकारी भाषांतराचं मराठी मराठी माणसालाही कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वॉर्डाचा मोठा नकाशा आणि दहा पानी सोपं टिपण द्या. आणि मुदत लांबली की पर्जन्यवाहिन्यांची कामंही लांबतात, पाणी गरिबाच्याच घरात शिरतं.

भरतीओहोटी:
सातबारा मराठीत, फेरफार मराठीत. त्यावर बँका कर्जं देतात, तालुका-जिल्ह्याची कोर्टं निकाल देतात. तिथे कुणी इंग्रजी प्रत मागत नाही. वाद झाल्यास कोणता मसुदा ग्राह्य, हे एका कलमात लिहिता येतं. आणि दहा पानांत काय घालायचं हे ठरवणार कोण? ज्याचा आराखडा, तोच ना?

डोलकर:
वरळीचं सांगतो. किनारी रस्त्याच्या पुलाखाली, क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्या जागी, दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. वारा आणि ओढ एकदम आली की होडी खांबावर आदळणार, हे कोळी सांगत होते. मागणी २०० मीटरची होती. आंदोलनं झाली, काम थांबलं, मग १२० मीटर मान्य झालं. हेच कागदावर असताना विचारलं असतं तर?

चटईक्षेत्र:
पण हे तुमच्याच विरुद्ध जातं. कोळी स्वच्छ मराठीत सांगत होते. अडचण भाषेची नव्हती, ऐकून घेण्याची होती.

भरतीओहोटी:
ऐकलं नाही हे खरंच. पण तोंडी सांगितलेलं फाइलीत उरत नाही. अमुक पानावरचा अमुक आकडा चुकीचा, अशी लेखी हरकत आली की तिची नोंद राहते, उद्या कोर्टात तीच दाखवता येते. तो आकडा वाचता यायला हवा, इतकंच म्हणणं आहे.

शिवाजीनगर_गोवंडी:
दोघंही मराठीवरच थांबलात. आमच्याकडे घरोघरी उर्दू-हिंदी, धारावीत तमिळ. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग पेटलं तेव्हा धूर सगळ्यांच्याच छातीत गेला. शिवाय माझ्या शेजारच्या बायका कुठल्याच भाषेत चाळीस पानं वाचणार नाहीत. सभा दुपारी ठेवतात, तेव्हा त्या कामावर असतात. रात्री आठनंतर गल्लीत नकाशा लावा, समजावणारा माणूस बसवा, आणि बायका बोलतील ते तिथेच लिहून घेऊन पोच द्या.

भरतीओहोटी:
मान्य. मुदतीचं घड्याळ मराठीला बांधा आणि वॉर्डाची भाषा पाहून ही वाचनं सक्तीची करा. तोंडी हरकतीला लेखी हरकतीइतकंच वजन हवं.

चटईक्षेत्र:
वाचनाला माझा पाठिंबा. पूर्ण भाषांतराला अजूनही नाही, पण करायचंच असेल तर ते सल्लागाराच्या निविदेतच घाला. मराठी मसुदा दिल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, असं. शेवटच्या महिन्यात घाईने बाहेर दिलेलं भाषांतर मी तपासलंय, त्यात आरक्षणांचे (राखीव भूखंडांचे) क्रमांकच चुकले होते.