सल्ला हवा: बंदराजवळची १९८६ ची इमारत, भाडेकरूला 'ऊर्जा निकष' हवेत

बंदरकर: नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ वडिलांनी बांधलेली दुमजली आरसीसी इमारत आहे. खाली जाळ्या-दोराचं दुकान आणि इंजिनाच्या पार्टचा गाळा, वर एका कंपनीचं ऑफिस. पश्चिमेला समुद्र, त्यामुळे दुपारी तीननंतर वरचा मजला तवा. कंपनीच्या हेड ऑफिसचं पत्र आलंय, इमारत ऊर्जा निकषांत बसवा नाहीतर जागा सोडू. बजेट ६ लाख, वर एक रुपया नाही. सुरुवात कुठून करू?

सोलरवाले_काका: सोलर. दुसरा विचारच नको. मी घरावर ३ किलोवॅट बसवलं, ७८ हजार सबसिडी खात्यात आली.

निमा_आत्या: काका, ती सबसिडी घरगुती मीटरला. यांचं कमर्शियल.

सोलरवाले_काका: असेल. माझं बिल शून्य आलं ते आलंच.

चिपळूणचा_पोरगा: आमच्या मालकांनी दर्शनी बाजू अख्खी काचेची केली. अठरा लाख गेले, पण काय दिसते!

कडवट_कॉफी: पश्चिमेला काच? म्हणजे भट्टी बांधायची आणि तिच्यात एसी लावायचा.

स्लॅब_पाहणारा: बंदरकर, आधी वरच्या छताला हातोडीने ठोकून बघा. टणक वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत सळई फुगलीय. खाऱ्या हवेतला क्लोराइड सळईपर्यंत पोचला की ती गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, मग काँक्रीट फुटतं. अशा स्लॅबला भोकं पाडून पॅनेलचे पाय बसवलेत तर पाणी थेट आत. आधी स्ट्रक्चरल ऑडिट. गुहागरला एका लॉजवर मी हे उलट केलं होतं. नवे एसी बसवले आणि श्रावणात छताचा पोपडा त्यातल्याच एकावर पडला.

कायदा_कोपरा: पत्रात ईसीबीसी लिहिलंय का? केंद्राची ती इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी आणि त्यावरच्या व्यापारी इमारतींसाठी आहे. तुमचा भार किती?

बंदरकर: ३२ किलोवॅट. पत्रात नुसतं 'निकष'.

कायदा_कोपरा: मग कुठले निकष ते लेखी विचारा. भाडं पाडून घ्यायची युक्तीही असते ही.

मालवणी_मसाला: एसी घ्याल तर तांब्याची कॉइल आणि वर कोटिंग बघून घ्या. मी स्वस्तातला घेतला, दोन पावसाळ्यांत बाहेरच्या युनिटचा पत्रा पापडासारखा हातात आला. ब्रॅकेट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच.

दर्यासारंग: ३०४ पुरतं.

मालवणी_मसाला: पुरतं तर माझ्या रेलिंगवर चहा सांडल्यासारखे डाग कसे? ३१६ मध्ये खारा गंज अडवणारं मोलिब्डेनम असतं, उगाच महाग नाही ते.

दर्यासारंग: गोड्या पाण्याने धुवायचा कंटाळा, दुसरं काय.

निमा_आत्या: तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बघू. बंदरकर, आधी पंखे बदला. जुना ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा तिशीच्या आसपास. एसी २४ वर ठेवायला सांगा, अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग. आणि स्लॅबचं सांगितलंय ते ऐका.

सोलरवाले_काका: सोलरचं काय ठरलं मग?

बंदरकर: सगळ्यांचे आभार. ठोकलं. जिन्याच्या माथ्यावर परातीएवढा तुकडा खाली आला, आतली सळई नखाने सुटतेय. ऑडिटवाला सोमवारी येतोय. हेड ऑफिसला विचारलं, तर त्यांना फक्त वर्षभराची बिलं हवीत आणि वापर दहा टक्के खाली. म्हणजे तूर्त सोलर नाही, एसी नाही, रंगही नाही. आई म्हणाली, बाबा पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाची झापं बांधायचे आणि खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. त्या काढून काचा आम्हीच बसवल्या, हौसेने. सुतार बोलावलाय. सात खिडक्या, सागवानी झडपा, उरेल ते स्लॅबला.

स्लॅब_पाहणारा: उलटं करा हो! आधी स्लॅब, उरेल ते झडपांना.

बंदरकर: सुताराला आगाऊ दिलेत.

मालवणी_मसाला: बिजागऱ्या तरी ३१६ च्या लावा.

दर्यासारंग: ३०४ पुरतात.